चौथी झाली, पुढे काय? पाचवीच्या उंबरठ्याचा इतिहास



जून जवळ आला की ओळखीचे पालक आम्हाला गाठतात आणि तक्रार साधारण एकच असते. "चौथीपर्यंत पोरगं छान होतं हो. वर्गात पहिल्या पाचात. पाचवीत गेलं आणि काय झालं कोण जाणे!" कोणी म्हणतं, लक्ष उडालं. कोणी म्हणतं, संगत बिघडली. काहींना तर वाटतं, मूल मुळातच बेताचं होतं, इतके दिवस बाई मार्क देत होत्या म्हणून कळलं नाही.

यातलं प्रत्येक उत्तर मुलाकडे बोट दाखवतं. आज आपल्याला जरा दुसरीकडे बघायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पहिल्याच आठवड्यात एक भेद शिकवायचो. समोरची गोष्ट निसर्गाने ठरवलेली आहे, की माणसांनी? दुधाचे दात पडतात ते निसर्गाने. पण चौथी संपली की शाळा बदलते, इमारत बदलते, गुरुजींचे सर होतात, हे कोणी ठरवलं? ते माणसांनी ठरवलं, सरकारी कचेऱ्यांत बसून ठरवलं, आणि गेल्या दीडशे वर्षांत ते पुन्हा पुन्हा बदललं. प्रत्येक वेळी त्याचा भार मात्र घराने उचलला. तो इतिहास माहीत असला तर आपल्या मुलाच्या पाचवीकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघू, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात १८५४ पासून करू. त्या वर्षी वुडचा खलिता आला आणि सरकारी शिक्षणखात्याची घडी बसू लागली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीच पुढे मॅट्रिक म्हणून आपल्या घराघरांत शिरली. महादेव गोविंद रानडे या पहिल्या तुकडीतले.

आता गंमत बघा. शाळांची रचना खालून वर झाली नाही, वरून खाली झाली. विद्यापीठाला इंग्रजी येणारी मुलं हवी होती. ती तयार करायला इंग्रजी शाळा, आणि तिच्यात सात इयत्ता: इंग्रजी पहिली ते इंग्रजी सातवी, म्हणजे मॅट्रिक. त्याआधी मराठी शाळेत तीन-चार इयत्ता झालेल्या असाव्यात. चार आणि सात, अकरा. जुनी माणसं 'अकरावी मॅट्रिक' म्हणतात ना, तो हिशेब हा असा आहे. आपली पाचवी म्हणजे त्यांची इंग्रजी पहिली. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या वयात काही विशेष घडतं म्हणून तिथे रेघ ओढली, असं अजिबात नाही. अकरातून सात वजा केले की चार उरतात, म्हणून ती रेघ तिथे आहे.

या रेघेवर दोन रस्ते फुटायचे. एक रस्ता मराठी शाळेतच पुढे जायचा आणि शेवटी फायनलच्या परीक्षेला पोचायचा. ती झाली की प्राथमिक शिक्षक किंवा खालच्या पायरीची सरकारी नोकरी मिळायची. दुसरा रस्ता इंग्रजी शाळेतून मॅट्रिकला आणि तिथून कॉलेजला. पहिला गावात होता, स्वस्त होता. दुसरा तालुक्याला किंवा जिल्ह्याला होता आणि त्याला फी होती. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं पुढचं आयुष्य कुठल्या रस्त्याला लागणार, हे ठरवण्याची पाळी बापावर यायची. मुलाला विचारायची पद्धत नव्हतीच.

पहिल्या रस्त्यावरचं एक उदाहरण पाहू. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी कर्वे. दापोलीजवळच्या मुरूडचे. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची तर साताऱ्याला जायला हवं. पावसाळ्याचे दिवस, सह्याद्री ओलांडायचा, गाडी नाही. पोरं चालत निघाली. एवढं करून साताऱ्याला पोचले, तर परीक्षकांनी कर्व्यांना पाहिलं आणि म्हणाले, तू ठरलेल्या वयाचा दिसत नाहीस. परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे त्यांनी ती कोल्हापूरला दिली. नंतर इंग्रजीच्या रस्त्याला लागले आणि १८८१ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा वय होतं तेवीस. आज मूल एका चाचणीत मागे पडलं म्हणून आपण रात्रभर जागतो. कर्वे पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, स्त्रीशिक्षणाचं एवढं मोठं काम उभं केलं, एकशे चार वर्षं जगले. त्यांना 'वेळेत' पोचायची घाई झालेली कुठे दिसत नाही.

पण कर्व्यांना रस्ता तरी होता. ज्यांना रस्ताच नव्हता त्यांचं म्हणणं महात्मा फुल्यांनी मांडलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्याचा गाभा असा, की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर. त्यांची मागणी होती की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बाराव्या वर्षापर्यंत. बारा हा आकडा लक्षात ठेवा, बरं का. दहाव्या वर्षीची जी रेघ आपण आत्ता पाहिली, ती ओलांडून मूल शाळेत राहिलं पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. आणि काय शिकवावं, हेही त्यांनी सांगितलं: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. सक्तीचं शिक्षण साऱ्या देशाच्या कायद्यात यायला त्यानंतर सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं लागली.

आता साताऱ्यालाच परत येऊ. ७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजचं प्रतापसिंह हायस्कूल, एका मुलाने इंग्रजी पहिलीत नाव घातलं. रजिस्टरमध्ये नाव आहे भिवा रामजी. वय नऊ. हेच पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. तो दिवस म्हणजे आपल्या भाषेत पाचवीतला प्रवेश, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

त्या मुलाने शाळेकडून काय अपेक्षा करायची? त्यांनीच लिहून ठेवलंय. वर्गात वेगळं बसायचं, घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. म्हणजे इयत्ता ओलांडली तरी वर्गाच्या आत आणखी एक उंबरठा होताच.

आणि घराने काय केलं? आई आधीच गेलेली, आत्याने पोरं सांभाळली. वडील रामजी सुभेदार पेन्शनीतले. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं. परळच्या चाळीत एक खोली. त्या एका खोलीत मुलाला अभ्यास करता यावा म्हणून बाप त्याला लवकर झोपवायचा आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवायचा, असं चरित्रकार सांगतात. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. या यशाचं श्रेय आपण बाबासाहेबांच्या बुद्धीला देतो, ते बरोबरच आहे. पण त्या खोलीतल्या वेळापत्रकाचाही त्यात वाटा आहे.

सगळ्यांनाच बिऱ्हाड हलवता येत नाही. मग मुलगा जायचा एकटा. शहरात सात घरी वार लावायचे, सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. वाराने जेवून शिकलेल्यांची आत्मचरित्रं मराठीत भरपूर आहेत. पण त्यातही जात आडवी यायची. ज्याला कोणी ओसरीवर घेत नाही, त्याला वार कोण देणार? म्हणून वसतिगृहांचा इतिहास हा खरा आपल्या शाळांचा इतिहास आहे, असं आम्हाला वाटतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, मदत दिली, जागा दिल्या. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंड ऐकून आपल्याला हसू येतं. पण विचार करा, राजा म्हणतोय की मुलाचं शिक्षण ही एकट्या बापाची मर्जी नाही.

मग भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार आणि काम करून शिकणार. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. हा प्रसंग आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. आम्ही त्यात एक साधा हिशेबही वाचतो. गावातल्या मुलाला हायस्कुलापर्यंत पोचवायचा खर्च सरकारने धरला नव्हता. तो कोणाच्या तरी गळ्यातून निघाला.

आता इथवर आपण मुलग्यांबद्दलच बोललो. मुलींचं काय? १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, पुण्यात सुरू झालं १८८४ मध्ये. मधली छत्तीस वर्षं मोजा. आणि हायस्कूल निघाल्यावर वाद कशावरून झाला? इंग्रजी शिकवावं की नाही, आणि मुलींनी अकरा ते पाच शाळेत बसावं की नाही. दिवसभर शाळा म्हटली की घरचं काम कोण करणार!

पण त्याहून मोठी अडचण वयाची होती. ज्या वयात मुलगा इंग्रजी पहिलीत जायचा, त्या वयात मुलगी सासरी जायची तयारी करायची. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. दहा, बारा, चौदा. हे आकडे पाचवी, सातवी आणि नववीचेही आहेत. मुलींची पाचवी शाळाखात्याच्या हातात जेवढी होती, त्याहून जास्त लग्नाच्या कायद्याच्या हातात होती.

स्वातंत्र्यानंतर रेघ हलू लागली. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीवर नेली, हेतू असा की खालच्या इयत्तांत मुलं आपल्या भाषेत नीट शिकावीत. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीला आली आणि २००० साली थेट पहिलीला. १९५९ मध्ये ईबीसीची सवलत आली, फीमुळे अडलेली कितीतरी घरं त्या तीन अक्षरांनी पुढे सरकली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव सातवीपर्यंत शाळा झाल्या, मग तिथला उंबरठा चौथीवरून सातवीवर गेला. कोठारी आयोगानंतर अकरावी गेली, दहावी आली, आणि १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. म्हणजे ज्या अकरातून आपण सात वजा केले होते, तो अकराच उरला नाही. तरी चौथीची रेघ तशीच! इमारती बांधून झाल्या होत्या ना.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. कायदा म्हणतो, पहिली ते पाचवी एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा. आमच्या शाळा मात्र चौथीला संपणाऱ्या, सातवीला संपणाऱ्या, पाचवीला सुरू होणाऱ्या. स्कॉलरशिपची परीक्षा चौथी-सातवीची होती, ती काही वर्षं पाचवी-आठवीला गेली होती. नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, देशातल्या पहिल्या दोनांतलं एक आपल्या अमरावतीचं. तिथला प्रवेश सहावीला, म्हणजे अकराव्या वर्षी मूल घर सोडून राहणार. २०२० चं नवं धोरणही मधला टप्पा सहावी ते आठवी असाच धरतं. आज एकाच तालुक्यातली तीन मुलं पाचवीला, सहावीला आणि आठवीला, अशा तीन वेगवेगळ्या वर्षी शाळा बदलताना दिसतील. निसर्गाने ठरवलेली गोष्ट अशी तालुक्यात तीन प्रकारची असते का?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मूल या उंबरठ्यावर आहे, घराने काय अपेक्षा ठेवावी?

पहिलं म्हणजे, मूल काही दिवस गोंधळणार. चौथीपर्यंत एक बाई किंवा एक गुरुजी दिवसभर असायचे. त्यांना मूल माहीत असायचं, सर्दी झाली तरी कळायचं. आता तासाला माणूस बदलतो. कुठल्या वाराला कुठली वही, कुठल्या सरांना समास हवा, कोणाला नको, हे मुलाने लक्षात ठेवायचं असतं. यात बुद्धीचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर रात्री दप्तर भरताना शेजारी बसा, भरून मात्र देऊ नका.

दुसरं, मार्क उतरू शकतात. पाच शाळांतले पाच पहिले एका वर्गात आले तर चौघांचा नंबर जाणारच. हे साधं अंकगणित आहे. त्यावरून मुलाची किंमत ठरवू नका आणि लगेच क्लास शोधायला धावू नका.

तिसरं, मूल बोलायचं कमी होईल. दहा ते तेरा या वयात शरीर बदलू लागतं, आणि हे मात्र खरोखर निसर्गाचं आहे. आपली रचना अशी, की शरीर बदलायच्या सुमारालाच शाळाही बदलते. मुलीला पाळीबद्दल आधी सांगा, घडल्यावर नको. शाळेत स्वच्छतागृह आहे का, पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे प्रवेश घेताना जाऊन बघा. निकालाचा बोर्ड बघतो तसंच हेही बघायचं. मुख्याध्यापकांना विचारायला लाजायचं कारण नाही.

चौथं, अंतर. शाळा लांब गेली की एसटीचा पास, सायकल, सोबत, हे सगळं घराच्या खात्यावर येतं. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत असणं हा मुलाचा हक्क आहे, पण घर ते शाळा हा रस्ता बऱ्याच ठिकाणी अजून हक्कात आलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं बघा. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड निघतं, म्हणजे नव्या शाळेत मूल रुळायच्या वेळेलाच. मागे आजी असली तर मूल राहतं, नसली तर कोयत्याबरोबर जातं. वाराने जेवणाऱ्या मुलापासून या मुलापर्यंत प्रश्न तोच आहे: मूल शिकायला थांबलं तर त्याला जेवायला कोण घालणार?

शेवटी थोडं आमचं. आमच्या गावी शाळा चौथीपर्यंत. पाचवी ओढ्यापलीकडे, तीन मैलांवर. चौथीत आम्हाला शिकवायची ती आमची आक्का, वर्गात नव्हे, घरी चुलीपाशी. आमच्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची चौथी आमच्या आधी झाली होती, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. पण ओढ्यापलीकडे मुलीला पाठवायचं कोणाच्या मनातच आलं नाही. वडील वाईट नव्हते. त्यांनी तिला अडवलं असंही नाही, कारण अडवायला आधी ती निघायला हवी ना! आमची पाचवी सुरू झाली त्या दिवशी तिने भाकरी बांधून दिली, ओढ्यापर्यंत आली आणि परत फिरली.

पुढे आम्ही शिकलो, डॉक्टरेट झाली, चार पुस्तकं लिहिली. घरात सगळे म्हणायचे, हुशार निघाला. हुशार कोण होतं ते आम्हाला ठाऊक आहे. ओढ्यावर तेव्हा साकव असता आणि पलीकडे आणखी दोन मुली जात असत्या, तर हे व्याख्यान कदाचित तिने दिलं असतं.

म्हणून तुमचं मूल पाचवीत अडखळलं तर आधी रस्ता तपासा. लांब आहे का, एकटं पडलंय का, भूक लागते का, कोणी चिडवतं का. यातलं काही सापडलं तर ते दुरुस्त करता येतं, एका घराला नाही जमलं तर चार घरांनी मिळून. आणि शेजारच्या घरातली एखादी मुलगी चौथीनंतर किंवा सातवीनंतर शाळेत दिसेनाशी झाली, तर तिच्या घरी जाऊन विचारा. आमच्या आक्काबद्दल विचारायला कोणी आलं नव्हतं.

वेळ झाली. आता आपण प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.